करून राह्यलो, थांबून राह्यलो

डिसेंबरचा दुसरा बुधवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम दोन हजार तीनशे चाळीस रुपये, म्हणजे नव्वद रुपये रोजाप्रमाणे सव्वीस दिवसांचे. हजर तिघे: आमच्या संस्थेचे व्यवस्थापक साहेब, चार नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या ताई आणि मी, संस्थेचा अकाउंटंट. ठरलं ते असं. ताईंचा नोव्हेंबरचा रोज रोखून धरायचा. महिनाअखेरपर्यंत त्यांच्या खिडकीचं काम बाकीच्यांच्या बरोबरीला आलं नाही, तर एक तारखेपासून त्यांना बोलवायचं नाही.

ज्या कागदावरून हे ठरलं तो मी लिहिला होता.

आमची संस्था यवतमाळात कापूस खरेदी करायची. कापसाचे ते दिवस वाईट होते. भाव पडलेला, आणि खाजगी व्यापारी त्याहून खाली मागायचा, म्हणून नेरकडचा, दारव्ह्याकडचा कापूस आमच्या फाटकावर येऊन उभा राहायचा. काट्यावर वजन झालं की शेतकरी वजनाची पावती घेऊन हॉलमध्ये येई आणि सहापैकी एका खिडकीवरून चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशाची पावती घेऊन जाई. रांगा हॉलच्या बाहेर, पार सायकल स्टँडपर्यंत जायच्या. कोणती खिडकी मागे पडते याचा अहवाल साहेबांनी मागितला आणि मी दिला. पाच खिडक्यांची दिवसाची सरासरी एकशे तीन पावत्या. चार नंबरची अठ्ठावन्न. आकडे मी तीनदा तपासले होते आणि ते बरोबर होते.

ताई नेरच्या. टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेल्या, दोन मुली आणि सासू यांच्यासह यवतमाळात खोली घेऊन राहणाऱ्या. घरात ठरावीक येणारा पैसा तेवढाच. त्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, माह्ये बोटं पाहा, मंग बोला. मी थांबून राह्यते. मशीनच देत नाही."

"मशीन सगळ्यांना एकच आहे, ताई," साहेब म्हणाले.

हेही खरंच होतं. खिडक्यांवर नुसते कॉम्प्युटरचे पडदे आणि कीबोर्ड होते. खरं मशीन, दोन प्रोसेसरांचा मोठा सर्व्हर, मागच्या थंड खोलीत होता. मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "तुमचा हिशोब बरोबरच असन, भाऊ. तुमचा कधी चुकत नाही म्हंतात." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा त्यांचा एक शब्द माझ्या डोक्यात बसलेला होता. थांबून राह्यते. तो शब्द ऐकला की मला एकच माणूस आठवायचा.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. ते एका कॉलेजच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेतून मुदतीआधी निवृत्त झाले होते आणि खताच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी वर्ग घ्यायचे. संस्थेने मला तिथे शिकायला पाठवलं होतं. पहिल्या दिवशी मी नवी वही आणि दोन पेनं घेऊन गेलो. सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: करून राह्यलो. थांबून राह्यलो. झोपलो.

"मशीनच्या आत जेवढी कामं असतात," ते म्हणाले, "त्या सगळ्याईच्या ह्या तीनच जाती. करून राह्यला त्याच्यावर मशीनचं ध्यान हाये. थांबून राह्यला तो तयार हाये, पण त्याचा नंबर नाही आला. अन् झोपला त्याची वस्तूच आली नाही अजून, त्याले नंबर देऊन कायले उपयोग?"

मागच्या बाकावरच्या एका शिक्षकाने विचारलं, "सर, पुस्तकात 'प्रतीक्षाधीन' असा शब्द आहे."

"असन. तो शब्द वावरात नेऊन पाहा. बैल बसून जाईन."

त्या रविवारपासून मी त्यांचा झालो. कॉम्प्युटरमध्ये लोकांना जे आवडतं त्यातलं काहीही त्यांना आवडत नसे. चित्रं, खेळ, इंटरनेट, कशाचंही कौतुक नव्हतं. त्यांचा जन्मभराचा विषय एकच: मशीन एक, कामं शंभर, तर नंबर कोणाला आणि किती वेळ? हे ठरवणारा एक छोटा प्रोग्राम प्रत्येक मशीनच्या पोटात असतो. कोणी तो पाहत नाही. सर त्याला 'वाढपी' म्हणत.

हे नाव कसं पडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याच एका सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न होतं. पंगतीत सर माझ्या शेजारी. वाढणारा मुलगा पहिल्या पानापाशी थांबून मनसोक्त बुंदी वाढत होता. शेवटची पानं कोरडी आणि तिथली माणसं माना लांब करून बसलेली. सर उठले, मुलाच्या हातून भांडं घेतलं आणि प्रत्येकाला अर्धा अर्धा झारा टाकत धावत सुटले. एक फेरी, दुसरी फेरी. चौथ्या फेरीत त्यांना दम लागला. नवरीचे मामा आले.

"काय करून राह्यले तुम्ही, सर? पाहुणे हा तुम्ही!"

"मामा, झारा लहान पडला," सर घाम पुसत म्हणाले. "मी वाढतो कमी अन् पळतो जास्त. एक झारा पूर्ण पाह्यजे. दोन नको, दोनात शेवटचा उपाशी राह्यते."

मामांनी त्यांना हाताला धरून पानावर आणून बसवलं. सर माझ्या कानाशी लागले: "लिहून घ्या. पाळी लहान केली तर माणूस खुश, पण पळण्यात वेळ जाते. पाळी मोठी केली तर काम जास्त, पण शेवटचा रडते. झारा किती मोठा, येवढाच आमचा सारा धंदा." मी रुमालावर लिहून घेतलं. रुमाल बायकोने धुतला, पण वाक्य राहिलं.

त्यांच्या घरात दोन मशीनं होती. एक टेबलावरचं, साधं. दुसरं ओसरीत, कोणत्या तरी कार्यालयाने भंगारात काढलेलं, कपाटाएवढं. त्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मेथी वाळत घातलेली असे. दोन्हींच्या पोटातला वाढपी सरांनी स्वतःच्या हाताने बदलला होता. टेबलावरच्या मशीनवर त्यांनी मला एक खेळ दाखवला. मागे दोन तासांचं अवजड काम लावून दिलं आणि मला म्हणाले, "आता टाइप करा." अक्षरं माझ्या बोटांबरोबर उमटत होती. मागच्या कामाची सावलीसुद्धा पडत नव्हती. मग तेच ओसरीतल्या मशीनवर. मी टाइप केलं, आणि अक्षरं एकदम, चार सेकंदांनी, ओळीने येऊन उभी राहिली.

"म्हणजे हे मशीन खराब आहे," मी म्हणालो.

सर दुखावले. "खराब? ते मागचं काम हे पाऊण तासात संपवते. ते टेबलावरचं दोन तास घेते. टेबलावरच्या मशीनपुढे एक माणूस बसला असते, त्याले ताटकळत ठेवलं तर तो उठून जाईन. मोठ्या मशीनपुढे कोणीच नसते बसलं. तिथी दिवसाचं काम मोजतात, माणसाचा जीव नाही मोजत. दोन्ही शहाणे हायेत. एकाची अक्कल दुसऱ्याच्या डोक्यात टाकली की गडबड."

हीच गोष्ट ते दारव्ह्याच्या स्टँडवर समजावून देत. एस.टी. वेळेवर सुटते, मग आत चार माणसं असोत की चाळीस. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. एस.टी. टेबलावरची, जीप ओसरीतली. एकदा ते मुद्दाम जीपमध्ये पहिले जाऊन बसले आणि घड्याळ लावून किती वेळ लागतो ते लिहीत राहिले. जीप भरली. ड्रायव्हर म्हणाला, "चला." सर उतरले. "माह्यं काम झालं," म्हणाले. मग ड्रायव्हर काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. जीपला आणखी वीस मिनिटं थांबावं लागलं. मला वाटतं, आपण कोणाला तरी थांबवलं हे त्यांच्या ध्यानात संध्याकाळी आलं असावं, कारण पुढच्या शनिवारी ते परत जाऊन त्या ड्रायव्हरला एका सीटचे पैसे देऊन आले.

मशीनमध्ये प्रत्येक कामाला सभ्यपणाचा एक आकडा देता येतो हेही त्यांच्याकडूनच कळलं. एकोणीस म्हणजे सगळ्यात सभ्य, सगळ्यांना 'आधी तुम्ही' म्हणणारा. वजा वीस म्हणजे आडदांड, सगळ्यांना बाजूला सारून पुढे घुसणारा. साधी माणसं स्वतःला जास्त सभ्य करू शकतात. वजा आकडा घ्यायचा अधिकार फक्त मशीनच्या मालकाला. सर दारात आलेल्याला सांगत, "आज मी एकोणीस हाओ, बसा, काही घाई नाही." कधी आतून आवाज यायचा, "वजा दहा!" मग आम्ही ओसरीतूनच परत फिरायचो. एकदा मी काकूंना विचारलं की तुमचा आकडा किती. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मले नाही माहीत बाप्पा. मी हाक मारली की हे उठतात येवढं माहीत हाये." सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "मालक म्हंतात ते हे."

तर त्या बुधवारनंतरच्या गुरुवारी मी माझा अहवाल घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, परत सुलटा केला.

"या बाई अठ्ठावन्न करतात. बरं. किती वेळ करून राह्यल्या, किती वेळ थांबून राह्यल्या, ते कोठी लिहिलं?"

"तो रकाना नाही, सर."

"मंग तुम्ही अर्धा कागद आणला." त्यांनी अहवाल माझ्या हातात दिला. "अर्ध्या कागदावर माणसाची रोजी नाही काढत, भाऊ."

आवाज चढलेला नव्हता. सरांना संस्थेत बोलवायची मी साहेबांची परवानगी काढली. साहेब म्हणाले, येऊ द्या, पण बिल जास्त नको.

शुक्रवारी सकाळी सर आले. मी थंड खोलीची किल्ली घेऊन उभा होतो. ते खोलीकडे गेलेच नाहीत. धोतर-टोपीतल्या माणसांमागे, चार नंबरच्या रांगेत जाऊन उभे राहिले. एका हातात घड्याळ, दुसऱ्यात वही. पुढचे मागचे बोलत होते.

"चार नंबरवर कायले उभे राह्यले, काका? घरून डबा आणला का?"

"चार नंबरवर माह्या पुतण्याचं लग्न ठरलं," दुसरा म्हणाला. "सोयरा बी रांगेतच भेटला."

सर हसले नाहीत. पण वहीत काहीतरी लिहिलं. नंबर आला की ते खिडकीतून ताईंचे हात पाहायचे, बाकीच्या खिडक्यांवर घड्याळ लावून यायचे आणि परत चार नंबरवर दोनचार माणसांमागे उभे राहायचे. तिसऱ्यांदा ताईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"काका, तुमचा कापूस कोठी हाये?"

"माह्याकडं कापूस नाही, ताई. मी तुमाले पाहायले आलो."

मागची रांग खदाखदा हसली. ताईंचा चेहरा लाल झाला. सर गडबडले आणि मग एकदम मास्तरांसारखे म्हणाले, "ताई, बटण दाबलं. आता या घडीले सांगा, तुम्ही करून राह्यल्या का थांबून राह्यल्या?"

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, तो प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. "थांबून राह्यले," त्या म्हणाल्या. "दिवसभर थांबूनच राह्यते मी."

दुपारी सरांनी वही माझ्यापुढे ठेवली. दोन रकाने होते. एका पावतीमागे ताईंच्या बोटांचा वेळ अडतीस सेकंद. बाकीच्या पाच खिडक्यांवर सरासरी एक्कावन्न. बटण दाबल्यापासून पावती छापून येईपर्यंत, बाकीच्या खिडक्यांवर दीड ते दोन मिनिटं. चार नंबरवर साडेचार ते पाच. सहा जणांत सगळ्यात जलद हात ताईंचा होता. माझा अहवाल त्यांच्या हाताचा नव्हताच, त्यांच्या थांबण्याचा होता.

"मशीन तर एकच आहे," मी म्हणालो. साहेबांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं.

"चला," सर म्हणाले, आणि मला खोलीकडे न नेता बाहेर मैदानात घेऊन गेले. तिथे दोन काटे होते. फाटकाजवळच्या काट्यावर बावीस गाड्या. पलीकडच्या काट्यावर एक गाडी आणि पोत्यांवर टेकून तंबाखू मळणारे हमाल.

"काटे किती?"

"दोन."

"मंग ह्या गाड्या त्या काट्यावर कायले जात नाहीत?"

मी काही बोलायच्या आत एका गाडीवानानेच उत्तर दिलं. "बैल जुंपलेले हायेत, साहेब. गाडी वळवा, मागं घ्या, तिकडं नेऊन परत नंबर लावा. कोण करते?"

"बरोबर," सर म्हणाले. "हलवायले बी खर्च लागते, म्हणून कोणी हलवत नाही. मशीनचे बी दोन डोके हायेत, अन् दोन्हीपुढं वेगळी रांग. टेबलावरच्या मशीनले एकच डोकं, तिथी हा तंटाच नाही. मोठ्या मशीनच्या वाढप्यानं मधामधात उठून पाहावं लागते, इकडं गर्दी अन् तिकडं खाली तर नाही ना."

मग आम्ही थंड खोलीत गेलो. सरांनी पडद्यावर कामांची यादी काढली. प्रत्येक कामापुढे ते कोणत्या डोक्याच्या रांगेत आहे तो आकडा होता. पाच खिडक्यांची कामं कधी पहिल्या, कधी दुसऱ्या, जिथे गर्दी कमी तिथे. चार नंबरचं काम कायम दुसऱ्यावर. आणि दुसऱ्या डोक्यापुढे दिवसभर जमाखर्चाच्या जुळणीची तीन अवजड कामं बसलेली होती, प्रत्येकाला मोठा मोठा झारा. ताईंचं दोन सेकंदांचं काम त्या तिघांच्या मागे उभं राहायचं, आणि एका पावतीसाठी असं वीसेक वेळा.

"ही रांग वाढप्यानं नाही लावली," सर म्हणाले. "कोणीतरी बांधून ठेवलं."

त्यांनी मशीन सुरू होताना वाचली जाणारी फाईल उघडली. मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरने त्यात एक ओळ घातली होती आणि वर शेरा लिहिला होता: 'अकाउंटंटचं टेबल. यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या प्रोसेसरला बांधलं.'

मी ती ओळ दोनदा वाचली. दोन वर्षांपूर्वी, मशीन नवं असताना, मीच त्या इंजिनिअरला सांगितलं होतं की माझं जमाखर्चाचं काम खिडक्यांच्या आड येऊ नये, त्याची वेगळी सोय करा. त्याने ती केली. पुढे मला आतलं टेबल आणि दुसरा पडदा मिळाला. माझा जुना पडदा, त्याच्या तारेसकट, त्याच्या बांधणीसकट, नव्या चार नंबरच्या खिडकीवर गेला. ती दोरी सोडायला हवी हे सांगायचं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. मला आठवलंच नाही. त्या पडद्यावर माझी स्वतःची कामंच इतकी लांब असायची की चारपाच मिनिटांचा उशीर मला कधी दिसला नाही.

सरांनी शेरा वाचला होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते. पडद्याकडे पाहत म्हणाले, "ही ओळ मी काढतो. वरचा शेरा काढायचा का ठेवायचा, ते तुमचं तुम्ही पाहा." आणि उठून चहाला गेले.

मी शेरा काढला नाही. पण साहेबांकडे लगेच गेलो असंही नाही. तेवढं धैर्य यायला मला पाच दिवस लागले, हे लिहून ठेवलं पाहिजे.

आता सरांची चूक. ओळ काढली तेवढ्यावर ते थांबले असते तर बरं होतं. पण बटण दाबून ताटकळणारी ती माणसं पाहून त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी सहाही खिडक्यांना वजा पंधरा आकडा दिला. "हे सर्व्हर हाये, पण याच्यापुढं माणसं उभी हायेत. मंग टेबलावरचीच अक्कल देतो याले," म्हणाले. शनिवारी सकाळी हॉलमध्ये जादू झाली. पावत्या पटापट निघायला लागल्या. रांगेतला एक म्हातारा पावती हातात घेऊन म्हणाला, "अरे बाप्पा, अजून तंबाखू बी नाही मळली!"

दुपारी चारला बँकेत पाठवायची चुकाऱ्याची यादी तयार नव्हती. जुळणीच्या कामाला सकाळपासून झाराच मिळाला नव्हता. खिडक्या दिवसभर मध्ये घुसत राहिल्या आणि ते बिचारं मागे सरकत राहिलं. शनिवारची यादी गेली नाही, रविवारी बँक बंद, आणि त्या दिवशीच्या सगळ्या लोकांचे पैसे लांबले.

सोमवारी सकाळी सर न बोलावता आले. साहेबांच्या खोलीत गेले नाहीत. हॉलच्या मधोमध उभे राहून मोठ्याने म्हणाले, "शनिवारचा तुमचा चुकारा माह्यामुळं लांबला. मशीनची चूक नाही, इथल्या लोकाईची बी नाही. माह्यी."

मागून एकाने विचारलं, "तुम्ही कोण, भाऊ?"

"मी रांग लावणारा."

"मंग माह्या पोराच्या लग्नात या," तो म्हणाला. "तिथी बी कोणी ऐकत नाही." हॉल हसला आणि रांग पुढे सरकली. चूक कबूल करणारी माणसं मी नंतरही पाहिली, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासमोर जाऊन कबूल करणारा मला दुसरा भेटला नाही.

त्या दिवशी त्यांनी जे केलं ते पुढे संस्था बंद होईपर्यंत तसंच चाललं. खिडक्या पुढे, हे कायम. पण मागे थांबलेल्या कामाचा मान दर मिनिटाला थोडा थोडा वाढत जाईल, आणि एक वेळ अशी येईल की तो खिडकीच्याही वर जाईल आणि त्याला एक पूर्ण झारा मिळेलच. "जो थांबला तो लहान असो का मोठा," ते मला म्हणाले, "त्याचं थांबणं वाया नाही जाऊ द्यायचं. थांबण्याची बी गणती झाली पाह्यजे. माह्यं सारं आयुष्य या एका ओळीत गेलं, अन् शनिवारी मीच ती विसरलो."

बुधवारी चार नंबरच्या खिडकीने एकशे सव्वीस पावत्या काढल्या. सहा खिडक्यांत सगळ्यात जास्त.

साहेबांनी बोलावलं. हजर चौघे: साहेब, ताई, सर आणि मी. साहेब खुशीत होते. मला म्हणाले, "व्हाउचर करा. कारण लिहा, तांत्रिक अडचण."

सर खिडकीतून मैदानाकडे पाहत बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. तेव्हा मी बोललो. दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरला मी काय सांगितलं, माझा पडदा कुठे गेला, ती ओळ कोणाच्या नावाची होती, सगळं. अर्ध्या कागदाचंही सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे सांगायची गरज होती का?" ते म्हणाले.

"होती," सर खिडकीकडे पाहतच म्हणाले.

सरांनी आपलं बिल जागेवरच लिहून दिलं. संस्थेत हजर वेळ एकवीस तास. त्यातला 'थांबून राह्यलो' सतरा तास पन्नास मिनिटं, त्याचे काही नाही. 'करून राह्यलो' तीन तास दहा मिनिटं, पन्नास रुपये ताशी, एकशे अठ्ठावन्न रुपये तेहतीस पैसे. शनिवारी झालेल्या नुकसानीबद्दल एक तास वजा. बाकी एकशे आठ रुपये तेहतीस पैसे. तेहतीस पैसे सोडा म्हणून साहेबांनी सुचवलं. सर म्हणाले, बाकी सोडा, तेहतीस द्या. शेवटी एकशे आठ रुपये दिले आणि पैशांचं नाणं कोणाकडेच निघालं नाही म्हणून वाद मिटला.

ताईंचं व्हाउचर मी माझ्या हाताने लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक अडचण' लिहिलं नाही. लिहिलं: 'अहवालात केलेलं काम मोजलं, थांबणं मोजलं नाही. अहवाल माझा, बांधणीही माझ्या सांगण्यावरून.' खाली सही केली. ताईंनी ते वाचलं. सावकाश, ओठ हलवत, दोन वेळा.

"येवढं लिहायले कोणं सांगतलं तुमाले?"

"कोणी नाही."

संस्थेत माझ्या हातून घेतलेले पैसे कोणी मोजत नसे, नुसतं खिशात घालत. ताईंनी नोटा टेबलावर ठेवल्या, बोटाला पाणी लावलं आणि माझ्यासमोर मोजल्या. एकदा मोजून झाल्यावर परत मोजल्या. मग सही केली.

दोन हजार तीनशे चाळीस रुपये. पूर्ण, रोख, चार नंबरच्या ताईंना.